मिरचीला पाणी किती? सोलापूरकरांच्या प्रश्नांना उत्तरं

उन्हाळी मिरची लागली की एकच प्रश्न दहा तऱ्हेने येतो, म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतोय.

ठिबक रोज किती तास चालवू? शेजारी दोन तास चालवतो. (मोहोळ)

शेजाऱ्याची जमीन, ड्रीपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी), झाडाचं वय सगळं तुमच्यासारखंच आहे का? मग त्याचे दोन तास तुम्हाला कसे चालतील! ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं असं नसतं हो, तासावर मोटर चालवणारे ठिबकवरसुद्धा पाटपाण्याइतकं पाणी घालतात आणि वर सांगतात की मिरचीला मर लागली.

आधी मोजा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडं ठेवा, पंधरा मिनिटं. ताशी 4 लिटरचा ड्रीपर असेल तर एक लिटर भरायला पाहिजे. शेवटचं भांडं अर्धंच भरलं तर तास वाढवून उपयोग नाही, पुढची झाडं बुडतील आणि मागची तहानलेलीच राहतील, आधी फिल्टर धुवा आणि लॅटरलची (ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं सोडून त्या फ्लश करा.

मग हिशोब. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाणी म्हणजे 1 लिटर. पाच बाय सव्वा फुटावर लागवड असेल तर झाडाच्या वाट्याला साधारण 0.58 चौरस मीटर येतं. दिवसाचं बाष्पीभवन 10 मिमी धरा, त्याला 0.7 ने गुणा, म्हणजे 7 मिमी, म्हणजे पूर्ण वाढलेल्या झाडाला सुमारे चार लिटर. झाडागणिक 4 लिटरचा एक ड्रीपर असेल तर तासभर झालं. थंडीत बाष्पीभवन निम्म्यावर येतं, लहान रोपाला त्याहून कमी लागतं, पण मोटरचा टायमर मात्र कुणी हलवत नाही!

हे आकडे सुरुवातीला धरायचे, शेवटचा निकाल मातीचा. ड्रीपरपासून वीतभर बाजूला, वीतभर खोल हात घालून मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे, थांबा. लोण्यासारखी चिकटली तर उद्याही पाणी नको. गोळाच होत नसेल तर द्या. मुरमाड रानात रोजचंच पाणी दोनदा विभागून द्या, भारी काळ्या रानात दिवसाआड चालतं. माती किती खोल, निचरा कसा, हे सोलापूरजवळच्या खेडच्या किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच वेळापत्रक बांधा.

दुपारी पानं मान टाकतात, लगेच पाणी सोडू? (पंढरपूर)

नाही. संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर ते ऊन होतं. सकाळीही मलूल असतील तर माती बघा, माती ओली असेल तर मूळ खराब झालंय, झाड उपटून तज्ज्ञाला दाखवा.

पानं वर वळलीत, तीन आठवडे पाणी वाढवतोय, फरक नाही. (बार्शी)

तीन आठवडे! हा चुरडा-मुरडा असणार, फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी बघा. पाण्याचा संबंध नाही. फोटोवर औषध सांगणार नाही, फांदी घेऊन उद्याच कृषी सहायकाला गाठा.

दुकानदार म्हणतो ही पावडर टाकली की निम्मं पाणी लागतं. (अक्कलकोट)

पाणी धरून ठेवणारं हायड्रोजेल खरंच असतं, दिल्लीच्या आयएआरआयनं (भारतीय कृषी संशोधन संस्थेनं) पुसा हायड्रोजेल काढलंय. पण 'निम्मं पाणी' हे दुकानदाराचं गणित. खारट पाण्यात ते नीट फुगत नाही, आणि ठिबक नीट चालत असेल तर त्याची गरज फारशी नसते. त्या पैशात मल्चिंग पेपर घ्या, नाहीतर ऊसाचं पाचट अंथरा. पाईपला लावायचं मॅग्नेट विचारूच नका.

तिखटपणासाठी पाणी तोडू? (सांगोला)

ताणाने तिखटपणा वाढू शकतो, पण फुलात ताण पडला की फूल गळतं. व्यापारी वजनाने घेतो ना? मग नको.

बोअरचं पाणी खारं, ड्रीपरवर पांढरा थर. (मंगळवेढा)

पाण्याचा आणि मातीचा ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारा आकडा, तपासून घ्या. मिरची क्षाराला नाजूक, मातीचा ईसी 1.5 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की उत्पादन घटायला लागतं. इथं पाणी फार आखडलं तर क्षार मुळाशीच साठतो, म्हणून अधूनमधून जास्त पाण्याने तो खाली ढकलावा लागतो, पण निचरा असेल तरच. थरासाठी ॲसिड ट्रीटमेंट आहे, मात्रा पाण्याच्या रिपोर्टवरून तज्ज्ञाकडून ठरवून घ्या, हातमोजे घाला, आणि ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही.

ठिबक घेतलंय, आता अनुदानाचा अर्ज करू? (करमाळा)

आधी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. आता जुनं बिल पुढं सरकवून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका, तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा.