गाडगं, तुकडा आणि आबाजींचं वाकणं

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, कीर्तन संपल्यावर आबाजी सालदाराच्या पोराच्या पाया का पडले? तो तर दुसरीत आहे!" तेव्हा ऑफिसच्या घाईत नीट सांगता आलं नाही.

वारकऱ्यांची ती रीतच आहे. कीर्तन झालं की एकमेकांच्या पाया पडायचं, वय-जात बघायची नाही. समोरचा कुणीही असो, तो माउली. तेवढा वेळ आबाजी हेडमास्तर नसतात, पंधरा एकरांचे कास्तकारही नसतात. तुझ्याएवढा असताना मला याची फार लाज वाटायची. शाळेत ज्यांचा एवढा धाक, तेच सप्त्यात माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांपुढे वाकायचे.

असा मीपणा सोडणारे दोघं आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. शेंडगावला १८७६ साली डेबूजी जन्मले. अंगावर चिंध्या, हातात खराटा. कीर्तनाला ज्या गावी जायचे तिथले रस्ते आधी झाडायचे. जेवायला जवळ फुटकं गाडगं, म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, पण कुणाला पाया पडू दिलं नाही. दुसरे यावलीचे माणिक, म्हणजे तुकडोजी महाराज, १९०९ साली जन्मले. त्यांना त्यांच्या गुरूंनी, आडकोजी महाराजांनी, तुकड्या म्हटलं आणि तेच नाव त्यांनी आपल्या भजनांत घातलं. आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडली. एकाला खापराचं नाव मिळालं, एकाला भाकरीच्या तुकड्याचं. परदेशात आल्यावर मला हे जास्त कळलं.

एक मात्र ध्यानात ठेव. आधी वाकायचं ते ज्याच्याकडे मान आहे त्यानं. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या सालदाराला 'मीपणा सोड' असं कोण कोणत्या तोंडानं सांगणार? त्याला 'मी' म्हणू तरी कधी दिलं? आणि हेच आबाजी कापूस मोजताना काट्याशी उभे राहून किलोकिलोसाठी भांडतात, हे तू परवाच पाहिलंस.

मागच्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली होती, आठवतं? कुणी "काय करता?" विचारलं की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. नोकरीबरोबर मीच गेलो, असं वाटायचं. मी आबाजींना फोन केला. ते म्हणाले, "पोट्टीचा डबा झाला का? नाही? मग तो कर आधी." मी उठलो, पोळ्या लाटल्या, तुला शाळेत सोडलं. रोज तेवढंच करत गेलो. दोन महिन्यांनी आधीच्यापेक्षा लहान हुद्द्याचं काम आलं, ते मी घेतलं. तुझी आई विचारत होती, कमीपणा नाही ना वाटणार? थोडा वाटला. मग दारातून आत येताना तो आठवेनासा झाला.

रविवारी काल्याचं कीर्तन आहे. आबाजी तुझ्याही पाया पडतील. मागे सरू नकोस, हसू नकोस, तूही वाक. आणि त्या पोराला शोधून त्याच्याही पाया पड. मग दोघं मिळून लाह्या-दही खा.

तुझा,
बाबा