मायक्रोस्कोपवर काम करूनही देवाने जग निर्माण केलं असं तुम्ही कसं मानता?

तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस झाले, काल लॅबमध्ये पण डोक्यात तोच होता. तुम्ही लिहिलंय की माझ्या प्रोफाइलवर बीएस्सी ॲग्री दिसतं, द्राक्षाच्या लॅबमध्ये नोकरी दिसते, आणि तरी मी ख्रिश्चन म्हणून बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा पहिला अध्याय खरा मानते, तर हे दोन्ही एकाच डोक्यात कसं मावतं आणि निसर्गात असं काय बघितलं की देव आठवावा. तुम्ही टोमणा म्हणून विचारलेलं नाही हे कळतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिकरोडला राहते, काम पिंपळगाव बसवंतकडे एका छोट्या लॅबमध्ये. माती, पाणी, देठ परीक्षण हे वर्षभर चालू असतं, पण ऑगस्ट-सप्टेंबर आला की फक्त डोळे. द्राक्षवाले नसाल तर सांगते, डोळा म्हणजे काडीवरची कळी. आमच्याकडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. माल मिळतो तो गोडी छाटणीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण घड तयार कधी होतो माहितीये? खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे मे-जूनच्या उन्हात, त्या नव्या काडीच्या डोळ्याच्या आत. बाहेरून काहीच दिसत नाही, नुसती तपकिरी गाठ.

शेतकरी सप्टेंबरमध्ये ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून आणतात, कारण कितव्या डोळ्यावर कात्री मारायची ते त्यांना आधी ठरवायचं असतं. मी ब्लेडने डोळ्याचे पापुद्रे एकेक करून काढते, आत कापसासारखी लव असते ती बाजूला करते आणि मग लेन्सखाली तो दिसतो. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, पांढरट हिरवा, आणि चक्क घडाच्या आकाराचा, त्याला खांदे पण असतात. पाऊस अजून संपलेला नाही, छाटणी व्हायचीय, पान फुटायचंय, फुलोरा तर लांबच, आणि घड आत बसलेला आहे, तीन-चार महिने झाले. पहिल्या वर्षी मी हे बघितलं तेव्हा माझे हात थांबले होते, आणि आता इतके हंगाम झाले तरी सीझनचा पहिला डोळा उघडताना मी मनात प्रभूचे आभार मानते, बाजूला शेतकरी उभा असतो त्याला कळत पण नाही.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं ऊन, अन्नसाठा, हार्मोन यांनी होतं. होतंच की! मीच ते रिपोर्टमध्ये लिहिते. घडनिर्मितीच्या काळात ढगाळ राहिलं, ऊन कमी पडलं की घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता वेलीचा ताणा, निघते किंवा नीट न वाढलेला गोळी घड निघतो, यात देवाला मध्ये आणून चालत नाही, कॅनॉपी, म्हणजे वेलीवरची पानांची गर्दी, विरळ करायला सांगावंच लागतं. मला देव तिथे सापडत नाही जिथे सायन्सला उत्तर नाही. उलट जेवढं जास्त कळतं तेवढं मला एकच गोष्ट दिसत राहते, की गरज पडायच्या कितीतरी आधी तयारी झालेली असते. माझ्या विश्वासाची सगळी जागा ही आहे. ‘आधीची तयारी’.

आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय मी तसाच वाचते. आधी उजेड, मग पाण्याची सोय, मग कोरडी जमीन, मग झाडं-झुडपं, मग पक्षी, जनावरं, आणि माणूस अगदी शेवटी. घर लावून झाल्यावर पाहुण्याला आत घेतलंय. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस का, यावर आमच्या चर्चच्या मंडळीत पण एकमत नाही, काही वडीलधारे तसंच मानतात आणि मी त्यांचा मान राखते पण मी तसं मानत नाही. झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी कसा, हे मी संडे स्कूलमध्ये शाळकरी वयातच विचारलं होतं. त्या बाईंनी मला गप्प नाही केलं, त्या म्हणाल्या की हा प्रश्न फार जुना आहे. खरंच जुना आहे, जुने ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की हे दिवस आपल्या साध्या दिवसांसारखे समजू नयेत. तेव्हा तर डार्विन पण नव्हता आणि दुर्बीण पण नव्हती.

वयाचं म्हणाल तर नाशिककर माणसाने त्यावर भांडूच नये असं मला वाटतं. पांडवलेणीच्या डोंगराकडे बघा, अंजनेरी बघा, थरावर थर दिसतात. तो सगळा लाव्हा आहे, दख्खनचा काळा पाषाण, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तोच झिजून झिजून आपली काळी माती झाली. मी रोज ती माती चाळणीतून घालते, पीएच काढते, चुनखडी मोजते, आणि कधीकधी वाटतं की या ढेकळासाठी आधी किती आग लागली आणि नंतर किती पाऊस. प्रभूला हजार वर्षं एका दिवसासारखी असं बायबलमधल्या पेत्राच्या पत्रात आहे, मला ते इथे चाळणी हातात असताना पटतं. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे ते पाहिलं नसेल तर नक्की बघा, लाव्हा थंड होताना आत जे बुडबुडे अडकले त्या पोकळीत नंतर पाणी झिरपून झिरपून स्फटिक वाढले, हिरवट अपोफिलाइट, मोरपिसासारखं पसरलेलं स्टिलबाइट. विहीर खणताना सुरुंग लागेपर्यंत ते पूर्ण अंधारात होतं, कुणीही बघणारं नव्हतं, तरी इतकं सुंदर. यावर मला काही सिद्ध करायचं नाही, नुसतं सांगावंसं वाटलं.

अवकाशाबद्दल पण तुम्ही विचारलंय. माझ्या दिरांची बाग निफाडला आहे आणि निफाडची थंडी तुम्हाला बातम्यांतून माहीत असेलच. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. एका जानेवारीत आम्ही सगळे रात्री अडीच-तीनपर्यंत बांधावर होतो, लाइट गेलेली, धूर खाली बसलेला आणि वर आकाश एकदम लख्ख. मृग पश्चिमेकडे कलला होता, त्यातल्या काक्षी ताऱ्याचा तांबूसपणा नुसत्या डोळ्यांनी कळत होता आणि त्याच्याही खाली कृत्तिकांचा पुंजका. मला एकदम बायबलमधला ईयोब आठवला. त्याचं सगळं गेलेलं असतं, मुलं, गुरं, तब्येत, तो देवाला जाब विचारतो आणि देव त्याला उलट विचारतो की कृत्तिकांना तू बांधलंस का, मृगाचे बंध तुला सोडता येतात का. दिरांना मी सांगितलं की भावजी, या कृत्तिकांचा उजेड निघून सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं झालीत, म्हणजे शिवाजी महाराज जन्माला यायच्या आधी निघालाय. ते शेकोटीत काटक्या टाकत म्हणाले, ‘मग बरोबर वेळेत पोचला वहिनी, लाइट गेल्यावर.’ ते हसत नव्हते, खरंच म्हणत होते.

काही प्रवचनात सांगतात की कृत्तिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या आहेत हे ईयोबात आधीच लिहिलंय म्हणून पवित्र शास्त्र म्हणजे सायन्सचं पुस्तक. त्या बांधलेल्या आहेत हे खरं, हजारावर तारे आहेत त्यात, पण त्या ओळी ते शिकवायला लिहिलेल्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच ते व्हॉट्सॲपवरचं, बायबलमधल्या यहोशवासाठी सूर्य थांबला होता तो हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला, ते साफ खोटं आहे, नासाने स्वतः नाकारलंय. आमच्या ग्रुपवर आलं की मी प्रत्येक वेळी लिहिते की कृपा करून पुढे पाठवू नका. सत्य हाच मार्ग म्हणणाऱ्यांनी खोट्याचा टेकू कशाला घ्यायचा, मला याचा मनापासून त्रास होतो.

त्यापेक्षा एक खरी गोष्ट सांगते. माल तयार झालाय का बघायला आम्ही एका मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजायच्या उपकरणावर, टाकतो आणि ब्रिक्स बघतो, म्हणजे थोडक्यात साखर. साखरेत कार्बन असतो. हा कार्बन ताऱ्यांच्या पोटात बनलाय, हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र येऊन. पण त्यात एक मोठी अडचण होती, दोन हेलियम जुळून जे बेरिलियम बनतं ते जवळजवळ लगेच फुटतं, सेकंदाचा इतका बारीक भाग की त्याला आपल्याकडे शब्दच नाही, आणि तिसऱ्याने तेवढ्यात येऊन चिकटायचं. असं सहजी जमणार नाही, मग जगात एवढा कार्बन आला कुठून? आपले नारळीकर सर केंब्रिजला ज्यांच्याकडे शिकले ते फ्रेड हॉईल, त्यांनी १९५३ मध्ये सांगितलं की कार्बनच्या अणुगर्भाला एका ठरावीक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, नाहीतर आपण इथे नसतो. अमेरिकेत कॅलटेक या संस्थेच्या लोकांनी प्रयोग केला आणि ती पातळी सापडली, ७.६५ एमईव्ही (अणुगर्भाची ऊर्जा मोजायचं एकक). हॉईल काही देवाला मानणारे नव्हते, ख्रिस्ती तर नाहीच झाले, पण १९८१ मध्ये त्यांनीच लिहिलं की यात कुणा महाबुद्धिमानाने हात घातल्यासारखं दिसतं. आणि गंमत बघा, ज्या बिग बँगच्या विरोधात हॉईल आणि नारळीकर सर इतकी वर्षं उभे राहिले ती कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक फादर होते. पण या फादरनी स्वतः सांगितलं की माझ्या थिअरीला देवाचा पुरावा करू नका. मला लमेत्र यांचं हे वागणं फार आवडतं. मी पण रिफ्रॅक्टोमीटरचा पुरावा करत नाही. मी फक्त तो थेंब बघते आणि म्हणते की याची तयारी सूर्य जन्मायच्या आधी झालेली होती.

उत्क्रांतीवर तुमचा पुढचा प्रश्न येईलच म्हणून आधीच लिहिते. एकच औषध सारखं मारलं की द्राक्षावरच्या केवडा रोगावर काही वर्षांत ते चालेनासं होतं, बुरशी बदलते, हे मी दर हंगामात बघते, ते नाकारणारी मी नाही. जीवशास्त्राचे बहुतेक अभ्यासक याच्या खूप पुढे जातात, सगळे जीव एकाच मुळातून आले म्हणतात, आणि त्यांच्याकडे त्याची कारणं आहेत. माझा विश्वास इतकाच की कसंही घडलं असलं तरी घडवणारा आहे, आणि माणूस त्याच्या मनात आधीपासून होता. हा विश्वास आहे, लॅब रिपोर्ट नाही, दोन्हीवर मी वेगवेगळी सही करते.

जूनच्या सुरुवातीला बागेच्या तारेवर चातक दिसतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून पावसाच्या तोंडावर येतो, अंडं सातभाई नावाच्या पक्ष्यांच्या घरट्यात घालतो आणि निघून जातो. पिल्लू आपल्या आईबापाला कधी भेटत नाही, सातभाई त्याला वाढवतात, आणि सातभाई तर आपला गाव सोडून कुठे जात नाहीत, तरी ते पिल्लू मोठं होऊन आफ्रिकेची वाट धरतं. कुणी सांगितलं त्याला? अनुवंशातून आलं, मान्य. बायबलमधला संदेष्टा यिर्मया म्हणतो की आकाशातला करकोचासुद्धा आपली नेमलेली वेळ ओळखतो पण माझ्या लोकांना कळत नाही. मला हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. सातभाईच्या बाजूने बघितलं तर ही फसवणूकच आहे हे पण मला दिसतं, आणि सगळी सृष्टी कण्हते आहे असं जे बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो ते मी सोडून वाचत नाही.

कारण गारपीट मी बघितलीय. २०१४ च्या मार्चमध्ये निफाड तालुक्यात जी झाली त्यात दिरांची बाग तोडणीला आलेली, दहा-पंधरा मिनिटांत सगळं जमिनीवर. मणी फुटून सगळीकडे रसाचा वास, पानं नाहीत, ओलांड्यावरची, म्हणजे तारेवर पसरलेल्या जाड फांदीवरची, साल सोललेली. त्या दिवशी मला कुणी ‘आधीची तयारी’ सांगितली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. चर्चचे पाळकसाहेब आले, त्यांनी पण काही सांगितलं नाही, बांधावर बसले आणि सासूबाईंनी दिलेला चहा प्यायले. देवाने गारा का पडू दिल्या याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ईयोबालाही ते मिळालं नव्हतं.

एप्रिलमध्ये दिरांनी उधारीवर खरड छाटणी केली. जखमा झालेल्या ओलांड्यावर नीट फूट येईल का याची खात्री नव्हती. सप्टेंबरमध्ये ते ओल्या गोणपाटात काड्या घेऊन लॅबमध्ये आले आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत, माझ्या मागे उभे. पहिल्या काडीचा पाचवा डोळा रिकामा, सहावा रिकामा. मी ब्लेड बदललं. मागून आवाज आला, ‘वहिनी, आहे का काही?’ सातव्यात होता. आठव्यात पण होता. मी काहीच बोलले नाही, स्टूलवरून उठले आणि त्यांना म्हटलं, भावजी, तुम्हीच बघा.