खाणीच्या गाळाचं धरण तपासायचंय म्हणते लेक

प्रश्न : आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एक व्याख्यान ऐकून आल्यापासून 'टेलिंग्ज डॅमच्या सुरक्षिततेतच काम करायचं' हा एकच धोशा लावलाय. माझं म्हणणं, जेईची, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची, परीक्षा द्यावी आणि जलसंपदात लागावं. खाणीतला चिखल तपासण्यात कसलं आलंय करिअर? तिला जरा समजवाल का?
– एक पालक

भाऊसाहेब, नमस्कार.

समजवायचं काम माझ्याकडून होणार नाही, कारण मला तिचंच म्हणणं पटलंय. तुमची एक काळजी मात्र रास्त आहे, तिच्याकडे येतो.

आधी हा चिखल काय ते बघू. खाणीतला दगड दळून तांबं, जस्त, लोखंड काढून घेतलं की पिठासारखा बारीक, पाणी मिसळलेला गाळ उरतो, त्यालाच टेलिंग्ज म्हणतात. तो पाइपाने नेऊन मातीच्या बांधाआड साठवतात. आपलं गंगापूर धरणही मातीचंच, पण ते एकदा बांधलं आणि मग भरलं. गाळाचा बांध खाण चालेल तितकी वर्षं टप्प्याटप्प्याने उंच होत जातो. गाळ सोडून देता येत नाही. खाण बंद पडली तरी तो तिथेच, आणि बांधावर लक्ष ठेवणंही चालूच.

यातला स्वस्त प्रकार म्हणजे पुढचा थर आधी साठलेल्या गाळावरच चढवायचा. आतलं पाणी नीट निचरलं नाही तर घट्ट दिसणारा गाळ एका क्षणात पातळ होऊन वाहू लागतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यूला 25 जानेवारी 2019 रोजी हेच झालं. बांध 86 मीटर उंच, 2016 पासून त्यात नवा गाळ टाकणंही बंद. दुपारच्या जेवणाची वेळ, आणि खाणीचं कॅन्टीन बरोबर खालच्या अंगाला. 270 माणसं गेली. आदल्याच वर्षी त्या बांधाला स्थिर असल्याचा दाखला मिळाला होता. हिशेबात सुरक्षितता गुणांक, म्हणजे बांधाची ताकद त्यावरच्या भाराच्या किती पट आहे तो आकडा, 1.09 निघाला होता, हवा होता 1.3. तरीही सही झाली.

तुमच्या लेकीचं काम त्या सहीच्या जागी आहे. म्हणून त्याला नुसतं चिखल तपासणं म्हणू नका.

आता तुमची रास्त काळजी. अशा कामात पगार बहुतेक वेळा खाणवाल्याच्या खिशातून येतो, आणि त्यालाच 'भराव थांबवा' असं लेखी द्यावं लागतं. ऑगस्ट 2020 मध्ये गाळाच्या बांधांसाठी एक जागतिक मानक आलं. त्यात प्रत्येक बांधाला जबाबदार अभियंता आणि मोठ्या धोक्याच्या बांधांना बाहेरचे स्वतंत्र तपासनीस असावेत असं म्हटलंय. त्यामुळे जाणत्या माणसांना मागणी आहे, पण दबाव संपलेला नाही. शिवाय आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा, इथे धातूची खाण नाही. म्हणजे राजस्थान, ओडिशा, झारखंड, नाहीतर मोठ्या शहरातली सल्लागार कंपनी. घरापासून लांब राहायची तयारी तिच्याइतकीच तुमचीही हवी.

सरकारी बाजूचं सांगतो, कारण इथे मुलं फसतात. 2021 चा धरण सुरक्षा कायदा नदीवर बांधलेल्या, पाणी अडवणाऱ्या धरणांसाठी आहे. खाणींची सुरक्षितता धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय बघतं, खाणकामाचे आराखडे नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडे. महासंचालनालयात खाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मुख्यतः खाण शाखेची पदवी आणि खाण व्यवस्थापकाचा दाखला लागतो. सिव्हिलवाल्या मुलीने त्या दाराशी वेळ घालवू नये. 'टेलिंग्ज'ची वेगळी पदवीही शोधू नये. तिचा सरळ रस्ता म्हणजे गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन भू-तंत्रात, म्हणजे जिओटेक्निकलमध्ये, एमटेक. माती आली आणि मातीतलं पाणी आलं, की बाकीचं साइटवर शिकता येतं. सॉफ्टवेअरच्या कोर्सवर पैसे घालायची घाई नको. पिझोमीटरचा, म्हणजे बांधातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा आठवडाभर जरासा चढत गेला तर काळजी कधी करायची, हे कोणतंही सॉफ्टवेअर तिच्या वतीने ठरवणार नाही.

आणि शिकायला नाशिकसारखी जागा नाही! दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे, राज्याची धरण सुरक्षितता संघटनाही नाशिकलाच. तिथे इंटर्नशिपसाठी कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा. परवानगी मिळाली तर पावसाळ्याआधीच्या पाहणीत एखाद्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी उभं राहावं. व्ही-नॉचवरून, म्हणजे पाझर मोजायच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेवरून, पडणारा पाझर स्वच्छ आहे का बघायचं. पाणी स्वच्छ असेल तर किती पडतंय ते मोजून नोंदवतात. गढूळ आलं तर बांधाची माती वाहतेय, धावपळ करायची वेळ. तुमच्या शेततळ्याच्या बांधाला घुशीचं बीळ दिसलं की तुम्ही जसे अस्वस्थ होता, तीच नजर इथे लागते, आणि ती तिला घरातूनच मिळाली असणार. एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा राखबंधाराही, म्हणजे कोळशाची ओली राख साठवणारा बांधही, जमल्यास बघावा. गाळाच्या बांधाचा आपल्याकडे तोच जवळचा भाऊबंद. राखबंधारेही फुटतात. नागपूरजवळ खसाळ्याचा जुलै 2022 मध्ये फुटला.

जेईचा तुमचा आग्रह मी खोडत नाही. जलसंपदात मातीच्या धरणांवर काढलेली तीन-चार वर्षं या कामाला सोनं आहेत. फक्त कायम नोकरी लागल्यावर ती सोडून एमटेकला जाणारी मुलं मी फार थोडी पाहिलीत, म्हणून आधी गेट. तिसऱ्या वर्षालाही बसता येतं, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात.

तोवर तिला एक काम द्या. कॅनडातल्या माउंट पॉली खाणीचा बांध 4 ऑगस्ट 2014 रोजी फुटला. पायाखाली चिकणमातीचा कमकुवत थर होता, तो आधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता. त्यावरच्या स्वतंत्र समितीचा अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. जाडजूड आहे, कंटाळवाणाही आहे. तो वाचून तिने तुम्हाला आपल्या मराठीत समजावून सांगावा, आणि तुम्ही मध्ये भरपूर शंका काढाव्यात. निम्म्यावर सोडला तर जेईचा फॉर्म आणा. पुरा केला तर मला तिचा नंबर कळवा, एमटेकच्या कॉलेजांचं मी तिच्याशीच बोलेन.