पाणी हिरवं, पण पानं पिवळी

प्रश्न : काचेच्या बाटलीत नुसत्या पाण्यावर मनी प्लांट लावला आहे. मुळं छान सुटली, पण खालची पानं एकेक करून पिवळी पडताहेत. बाटलीला आतून शेवाळाचा हिरवा थर मात्र जोरात धरतोय. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, मग तो रोपाला का मिळत नाही? आणि शेवाळाला कसा मिळतो?

उत्तर : ‘खालची पानं’ असं तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. नायट्रोजन कमी पडला की रोप जुन्या पानांतली प्रथिनं आणि हरितद्रव्य मोडतं आणि त्यातला नायट्रोजन शेंड्याकडच्या कोवळ्या पानांना पाठवतं. लोह कमी पडलं असतं तर आधी कोवळीच पानं पिवळी पडली असती, कारण एकदा पानात बसलेलं लोह तिथून फारसं हलत नाही.

हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधानं जखडलेले असतात. तो बंध तोडणारं नायट्रोजिनेज हे एन्झाइम फक्त काही जिवाणूंकडे आणि त्यांच्यासारख्याच अतिसूक्ष्म आर्कियांकडे असतं. एक रेणू फोडायला त्यांना एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, किमान 16 रेणू खर्चावे लागतात. ज्याला आपण नील-हरित शेवाळ म्हणतो, तेही खरं तर जिवाणूच. त्यातल्या ॲनाबिनाचा धागा मी सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी पाहते. दहा-बारा हिरव्या पेशींनंतर एक फिकट, जाड भिंतीची पेशी येते. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ते काम या बंदिस्त पेशीत चालतं. तुमच्या बाटलीतलं बहुधा साधं हिरवं शेवाळ आहे, आणि त्याला ही विद्या अवगत नाही. पाण्यात जो थोडाफार नायट्रेट (नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा विरघळलेला आयन) होता, त्यावरच ते वाढलं. त्याची पेशीन् पेशी पाण्याला थेट भिडलेली असते, त्यामुळे मुळांच्या वाट्याचंही ते चटकन उचलतं.

नायट्रेट मुळांमध्ये शिरला म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. पण खरं कष्टाचं काम पुढेच आहे, आणि मला सगळ्यात थक्क करणारा भागही तोच वाटतो. नायट्रेट रिडक्टेज हे एन्झाइम दोन इलेक्ट्रॉन देऊन नायट्रेटचं नायट्राइट करतं. त्याच्या गाभ्यात मॉलिब्डेनमचा अणू असतो. मॉलिब्डेनम रोपाला अगदी नाममात्र लागतं, पण ते नसेल तर नायट्रेट भरपूर असूनही वाया जातो. नायट्राइट विषारी असल्यामुळे तो साठू न देता हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्याच्या कप्प्यात, नेला जातो. तिथे त्याला आणखी सहा इलेक्ट्रॉन मिळतात आणि अमोनियम तयार होतं. पानात हे सहा इलेक्ट्रॉन प्रकाशसंश्लेषणातूनच येतात. अमोनियमही साचलं तर घातकच, म्हणून ते लगेच ग्लुटामेट या अमिनो आम्लाला जोडून ग्लुटामाइन बनतं. त्यातून अमिनो गट पुढे सरकतो आणि प्रथिनांची सगळी अमिनो आम्लं तयार होतात. त्यांचा कार्बनी सांगाडा साखरेतून येतो.

म्हणजे नायट्रेट वापरायला उजेडही हवा आणि साखरही. अंधार झाला की पानातलं नायट्रेट रिडक्टेज काही मिनिटांतच मंदावतं. म्हणून काळोख्या कोपऱ्यातल्या रोपाला खत वाढवत नेणं मला पटत नाही. तुमच्याकडे शेवाळ धरतंय त्या अर्थी उजेड पुरेसा आहे. उणीव नायट्रोजनचीच आहे.

बाटली धुऊन घ्या, बाहेरून जाड कागद गुंडाळा, म्हणजे मुळांपाशी उजेड पोचणार नाही आणि शेवाळ हटेल. पाणी वरचेवर बदला आणि त्यात मातीविना शेतीसाठी मिळणारं, नायट्रेट असलेलं द्रवखत अगदी पातळ करून घाला. नुसतं अमोनियमचं खत नको. अमोनियम आत घेताना मुळं हायड्रोजन आयन बाहेर सोडतात आणि एवढ्याशा पाण्याची आम्लता लगेच वाढते. युरियाही टाळा. मातीतले जिवाणू त्याचं अमोनियम करतात, पण बाटलीत त्यांची तेवढी फौज नसते. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही. नवी पानं कशी येतात त्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न : हवेतला नायट्रोजन वापरणारं खरंखुरं शेवाळ सापडल्याची बातमी वाचली. ती खरी आहे का?

उत्तर : खरी आहे. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी हे समुद्रातलं एकपेशीय शेवाळ. त्याच्या पेशीत राहणारा नील-हरित जिवाणू आता स्वतंत्र जीव न राहता पेशीचं अंगक, म्हणजे पेशीचाच एक कायमचा भाग, झाला आहे, असं 2024 मध्ये जाहीर झालं. त्याला नायट्रोप्लास्ट असं नाव दिलं आहे. सागरी सूक्ष्मजीवांचे अभ्यासक जोनाथन झेर यांना या जिवाणूच्या डीएनएचा माग 1998 मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात लागला होता. पण शेवाळ प्रयोगशाळेत वाढेना. जपानी संशोधक क्योको हागिनो यांनी दहा वर्षांहून अधिक काळ चिकाटी धरून ते वाढवलं, तेव्हा पुढचा अभ्यास शक्य झाला. जिवाणू शेवाळाच्या पेशीबरोबरच विभागतो, आणि त्याची बरीच प्रथिनं शेवाळाच्या जनुकांवरून बनून आत पोचवली जातात. म्हणूनच त्याला आता पाहुणा म्हणता येत नाही. हवेतला नायट्रोजन वापरणारं अंगक म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलंच उदाहरण आहे.