डिझेल पिकअपचा पंप खरंच गेलाय हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं: रिकामी गाडी बरी चालते, माल भरून चढ लागला की ओढत नाही, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि गॅरेजवाल्याने काही न उघडताच ‘पंप गेला’ असं सांगून टाकलंय. पंप उतरवू देण्याआधी थांबा. माझ्या गाडीची लक्षणं अगदी हीच होती. मी पंप बदलला आणि दोन दिवसांनी गाडी पुन्हा त्याच चढावर तशीच धापा टाकत उभी. शेवटी सापडली ती टाकीच्या आतली, गाळाने भरलेली जाळी. जुना पंप नंतर टेस्ट बेंचवर लावून पाहिला, तर ठणठणीत. आता तो फळीवर पडून माझ्याकडे बघत असतो.

आधी ‘पंप’ म्हणजे कोणता ते त्याला विचारा. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून (रेलमधून) दाबाचं डिझेल मिळतं तिथे, दोन असतात. एक फीड पंप, टाकीतून डिझेल पुढे आणणारा. तो काही गाड्यांत टाकीतच बसवलेला इलेक्ट्रिक असतो आणि काही बार (दाबाचं माप) दाब देतो. काहींत तो हाय प्रेशर पंपालाच जोडलेला असतो आणि टाकीपासून डिझेल ओढून घेतो. दुसरा हाय प्रेशर पंप. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण २५० ते ४०० बार आणि पूर्ण लोडवर दीड-दोन हजार बारपर्यंत दाब तयार करणं त्याचं काम. महाग तोच, आणि आरोपही बहुतेक वेळा त्याच्यावरच येतो.

काहीही उघडण्याआधी धूर बघा. चढावर ताकद जाते आणि मागून काळा धूर येतो, तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय: टर्बोचे पाइप, एअर फिल्टर, ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तिकडे बघा. ताकद जाते पण धूर नाही, तर इंजिन बहुधा उपाशी आहे. तसंच सेल्फ मारताना पांढरा धूर दिसला तर डिझेल आत जातंय, पण जळत नाहीये. धुराचा मागमूस नसेल तर ते आतच जात नाहीये.

आता टाकीपासून पुढे या. गाडी दम टाकेल तेव्हा टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर टाकीची हवेची वाट बंद आहे. मग फिल्टर. तो कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी तोच बदला, आणि जुन्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता. पाणी तळाशी वेगळं दिसतं. चमकदार कण दिसले तर ते भांडं जपून ठेवा, त्याचं पुढे सांगतो.

ओढून घेणाऱ्या पंपाच्या गाडीत खरी डोकेदुखी हवेची. टाकीपासून येणाऱ्या पाइपला बारीक चीर पडली की डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. खाली डाग नाही, वास नाही, आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरल्यामुळे सकाळी सेल्फ मारत बसायचं. तुमचं सकाळचं दुखणं मला तरी इथलंच वाटतं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेलला चालणारा पारदर्शक पाइपचा तुकडा घाला आणि इंजिन चालू ठेवून बघा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या, पण सतत माळ चालू राहिली तर क्लिपा, वॉशर आणि फिल्टरची रबरी रिंग तपासायला घ्या.

याहून पक्की खात्री हवी असेल तर अशी गाडी कॅनमधून चालवा. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनच्या उंचीवर घट्ट बांधा, फिल्टरला येणारा पाइप त्यात सोडा, उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्नचा पाइपही त्यातच सोडा, एअर (पाइपमध्ये अडकलेली हवा) काढा आणि स्टार्ट करा. गाडी सुधारली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे, पंप निर्दोष. फीड पंप इलेक्ट्रिक असेल तर चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. व्होल्टेज मोजाल तर कनेक्टर लावलेला ठेवून, पंप चालू असताना मोजा. गंजलेला कनेक्टर किंवा थकलेला रिले रिकाम्या तारेवर १२ व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की बसतो.

एवढं सगळं नीट निघालं तरच स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावा. ‘पी ००८७’ हा कोड रेलमधला दाब कमी आहे एवढंच सांगतो, दोषी कोण ते नाही. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून चढावर गाडी चालवा. आकडे शेजारच्याने वाचायचे, तुम्ही रस्ता बघायचा. दाब हळूहळू मागे पडत असेल तर डिझेल कमी पडतंय. आकडा वेड्यासारखा उड्या मारत असेल, किंवा इंजिन बराच वेळ बंद असूनही शंभर बार दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. स्टार्ट व्हायला बऱ्याच गाड्यांना किमान २०० बारच्या आसपास लागतात. तेवढे होत नसतील तर आधी सेल्फ जोरात फिरतोय ना ते बघा. बॅटरी मेलेली असताना चांगला पंपही दाब देत नाही.

यानंतर रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाइप वेगळ्या बाटलीत सोडायचा. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर पंपाने तयार केलेला दाब तो इंजेक्टर वाया घालवतोय. रेलवरचा, जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्हही असाच गुपचूप गळतो. ही टेस्ट न करता नवा पंप बसवणं म्हणजे फुटक्या माठाला मोठा नळ लावणं.

फीड ठीक, रिटर्न ठीक, मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा) ठीक, तरी दाब नाही, तर मात्र हाय प्रेशर पंप गेला. आणि फिल्टरमध्ये चमकदार कण सापडले असतील तर नुसता पंप बदलून भागणार नाही. तो आतून झिजून त्याचा चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नवाटे टाकीतही गेलेला असतो. सगळं साफ न करता, खराब इंजेक्टर न बदलता नवा पंप लावला तर तोही त्याच वाटेने जाईल.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. जुन्या गाडीत नोझलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर चालत नाही ते बघायचे, ती सवय इथे चालत नाही. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइप सैल करायचा नाही, गळती बोटाने चाचपायची नाही. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि बोट गमवायची वेळ येते. तसं कधी झालंच, तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटलमध्ये जा आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

पारदर्शक पाइपमध्ये काय दिसलं आणि सेल्फ मारताना रेलचा आकडा किती आला ते कळवा, मग पुढचं बघू.