ऑफर बंद, ऑर्डर चालू : नोटिफिकेशन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपवरून दिवसभर ऑफरचा मारा चालू असतो. वैतागून नोटिफिकेशन्स बंद केली, तर डिलिव्हरीवाला गेटवर येऊन उभा राहिला तरी कळलं नाही. दोन्ही कसं जमवायचं?
– एक वाचक, विक्रोळी

अख्खं ॲप गप्प करू नका. त्यातली जाहिरातींची कॅटेगरी तेवढी बंद करा. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2017 साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून आहे. ॲप बनवणाऱ्याने आपली नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या कॅटेगरींत वाटून द्यायची आणि त्यातली कोणती वाजेल, कोणती नाही, हे फोनच्या मालकाने ठरवायचं, अशी ती रचना. तुम्ही एकदा कॅटेगरी बंद केली की ॲपला ती परस्पर चालू करता येत नाही.

पुढची ऑफर आली की ती लगेच उडवू नका. तिच्यावर बोट दाबून धरा आणि सेटिंग्जचं किंवा गिअरचं चिन्ह दाबा. ‘प्रमोशन्स’, ‘ऑफर्स’, ‘ऑर्डर अपडेट्स’ अशा धाटणीची नावं दिसतील. ऑर्डरची चालू ठेवून बाकीची बंद करा. सॅमसंगच्या फोनमधल्या ‘वन यूआय’ या सॉफ्टवेअरच्या 6.1 आवृत्तीपासून मात्र ही यादी दिसतच नाही, कारण ती मुळात लपवलेली असते. तिथे आधी सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज इथे जाऊन ‘मॅनेज नोटिफिकेशन कॅटेगरीज फॉर इच ॲप’ चालू करावं लागतं. ग्राहकाच्या हातातलं सर्वात उपयोगी बटण असं आत दडवून ठेवणं आम्हाला अजिबात पटत नाही.

एवढं करूनही दोन ठिकाणी घोडं अडतं. ॲप अपडेट झालं की कधी कधी एखादी नवी कॅटेगरी येते आणि ती चालूच असते. ऑफर पुन्हा सुरू झाल्या तर आधी यादी तपासा. दुसरी अडचण जास्त चीड आणणारी आहे. काही ॲप ऑर्डर आणि ऑफर एकाच कॅटेगरीतून पाठवतात. मग एक बंद केलं की दुसरंही जातं, आणि ग्राहक नाइलाजाने सगळं चालू ठेवतो. अशा वेळी ॲपच्या आत अकाउंट किंवा प्रोफाइलमध्ये नोटिफिकेशनचे वेगळे पर्याय आहेत का ते बघा. तिथेही नसतील तर ते ॲप एरवी ‘सायलेंट’ ठेवा आणि ऑर्डर दिली की तेवढ्यापुरता आवाज चालू करा. प्ले स्टोअरवरच्या अभिप्रायात ‘फार त्रास होतो’ एवढंच न लिहिता ‘ऑर्डर आणि ऑफर यांच्या कॅटेगरी वेगळ्या करा’ असं नेमकं लिहा. काय बदलायचं ते त्यावरून कळतं.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये अशी कॅटेगरीवार यादी नसते. पण ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय जाहिरातीसाठी पुश नोटिफिकेशन्स पाठवू नयेत आणि ती थांबवायची सोय ॲपमध्येच असावी, असा ॲपलचा ॲप बनवणाऱ्यांसाठी नियम आहे. त्यामुळे ते बटण ॲपच्या आतच शोधा.

लोकलमध्ये उभ्याने बँकेचा मेसेज उघडायला जावं, तर ऐन वेळी वरून दुसरंच नोटिफिकेशन टपकतं आणि बोट त्याच्यावर पडतं. कधी ‘क्लिअर ऑल’ दाबलं जातं आणि कामाचंही निघून जातं.
– एक वाचक, बोरिवली

तुमचं बोट बरोबर जागी पडतं, ती जागाच सरकते. स्क्रीनवर उडी मारून येण्याचा अधिकार जितक्या कमी ॲपना, तितकं हे कमी होईल. ग्रुप, खेळ, खरेदी यांच्या कॅटेगरीत जाऊन ‘पॉप ऑन स्क्रीन’ किंवा त्या अर्थाचा पर्याय बंद करा. त्याहून बरं म्हणजे त्यांना ‘सायलेंट’ करा. बहुतेक फोनमध्ये सायलेंट नोटिफिकेशन्स यादीत खालच्या भागात जातात आणि बँक वर राहते.

पुसलं गेलेलं परत बघायचं तर अँड्रॉइड 11 पासून सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ आहे. ती आजच चालू करून ठेवा, कारण चालू करण्याआधीचं काही तिच्यात सापडत नाही. शेवटच्या 24 तासांतलं दिसतं. मात्र फोन उघडा कुणाच्या हाती गेला तर मेसेजचा मजकूरही तिथे वाचता येतो, तेव्हा स्क्रीन लॉक हवाच. बँकेचा एसएमएस असेल तर इतकी शोधाशोध नको. नोटिफिकेशन पुसलं तरी एसएमएस इनबॉक्समध्ये असतोच.

मी रुग्णालयात शिफ्टमध्ये काम करते. ड्युटी बदलल्याचे मेसेज फोन उघडला की एकदम धडाधड येतात. नेटवर्क तर चांगलं असतं.
– एक वाचक, परळ

बॅटरी वाचवण्यासाठी फोन त्या ॲपला झोपवतोय. सेटिंग्जमधून ॲप्स, मग तुमचं चॅट ॲप, मग बॅटरी इथे जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी अशा फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘ऑटो लाँच’ हा वेगळा पर्याय असतो, तोही चालू लागतो. डेटा सेव्हर वापरत असाल तर या ॲपला त्यातून सूट द्या. ‘फोर्स स्टॉप’ मात्र कधीही करू नका. त्यानंतर ॲप स्वतः उघडेपर्यंत त्याला काहीच मिळत नाही. बदल केल्यावर वायफाय बंद करा, अर्धा तास स्क्रीनला हात लावू नका आणि कुणाला तरी मेसेज करायला सांगा. लगेच वाजला तर काम झालं.

‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपत असाल तर वॉर्डचा नंबर ‘स्टार्ड’ करून त्याला सूट द्या. ‘रिपीट कॉलर्स’ चालू असेल तर त्याच नंबरवरून 15 मिनिटांत आलेला दुसरा फोन वाजतो.

वडिलांच्या फोनवर ‘तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस आहे’ असं सारखं येतं. फोन फॉरमॅट करू का?
– एक वाचक, गिरगाव

नको. बहुधा एखाद्या वेबसाइटने विचारल्यावर त्यांच्याकडून ‘अलाउ’ दाबलं गेलं आहे. नोटिफिकेशनवर क्रोमचं नाव आणि साइटचा पत्ता दिसतो का ते बघा. ते उघडू नका, त्यातलं काहीही डाउनलोड करू नका. क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि परवानगी मिळालेल्या अनोळखी साइट्स एकेक करून ‘ब्लॉक’ करा. तिथेच वरचं मुख्य बटण बंद केलं तर कुठलीही साइट पुन्हा विचारणार नाही. वडिलांच्या फोनसाठी आम्ही तेच सुचवू.