आधी कुकर, मग आकडा

अगं,

‘चि.’ वगैरे मायना लिहीत नाही, तू हसशील. तुझी यादी काल दोनदा वाचली. चार महिन्यांत ४१ सिनेमे, प्रत्येकापुढे दहापैकी गुण, आणि सगळ्यात खाली तो प्रश्न: ‘मावशी, माझी आवडच चुकीची आहे का?’ तो वाचून आधी पोटात कालवलं आणि मग राग आला. तुझ्यावर नाही. म्हणजे, थोडा तुझ्यावरही.

कारण मी खाडाखोड पाहिली. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’पुढे आधी ९ होते, ते खोडून ६ केलेस. कट्ट्यावर मंडळी म्हणाली, ‘दोन तास काही घडतच नाही’, आणि तू घरी येऊन तीन गुण कापलेस. सिनेमा तोच, तू तीच. मग कापलं काय?

तो बघून आलीस त्या रात्री तू मला दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवला होतास. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे. त्यात गुणांचं नावही नाही. सिनेमातल्या प्रभाच्या घरी पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय भाताचा कुकर येतो. जर्मनीत बनलेला, म्हणून तिकडे गेलेल्या नवऱ्यानेच धाडला असेल असं धरायचं. आणि प्रभा रात्री जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. हे सांगता सांगता तू थांबलीस आणि म्हणालीस, ‘आजोबा गेल्यावर आजी त्यांचा रेडिओ अशीच जवळ घेऊन बसायची.’ अगं, झालं की परीक्षण! त्या सिनेमाला २०२४ साली कानच्या चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पारितोषिक मिळालं, ते राहू दे बाजूला. त्या जोरावरही नऊ देऊ नकोस. आधी कुकर, मग आकडा.

हे उलटंही केलं आहेस तू. ‘कोर्ट’पुढे लिहिलंयस, ‘कंटाळा आला, पण राष्ट्रीय पुरस्कार आहे म्हणून ७.’ हा सात पुरस्कार समितीचा, तुझा नाही. कंटाळा आला ना? मग कुठे आला ते सांग. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, तिथे? की शेवटी कोर्टातले दिवे बंद होतात आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो, तिथे? मला त्या अंधारात सिनेमा संपला असं वाटलं होतं, पर्सही उचलली होती. आणि मग सुट्टीवर गेलेले ते न्यायाधीशमहाराज, बाकड्यावर डुलकी, पोरांनी ओरडून उठवल्यावर एकाला थोबाडीत. मी पर्स परत खाली ठेवली. तुला हे नाही आवडलं तर दोन दे, माझी हरकत नाही. पण कुठे नाही आवडलं ते दाखव.

आणि सात ‘मुंज्या’लाही. या दोन सातांचं एकमेकांशी नातं काय? मैत्रिणींबरोबर किंचाळत बघितलेल्या भुताला आणि शाहिरावरच्या खटल्याला एकाच फूटपट्टीने मोजून तुला कळलं काय? ‘सिनेमॅटोग्राफी छान’ हे शब्द यादीत २१ वेळा आलेत. मोजलेत मी.

‘तुंबाड’पुढे ‘भीती वाटली नाही, ५’. बरं. पण पिठाची बाहुली कमरेला बांधून दोराने खाली उतरणारा तो विनायक तुला भुतापेक्षा भयंकर नाही वाटला? सबंध सिनेमाभर पाऊस, आणि त्या पावसातून तो सोनं घेऊन येतो ते आपल्या पुण्यात. २०१८ मध्ये हा सिनेमा आला तेव्हा थिएटरं काही भरली नाहीत. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. चौकट तीच, पाऊस तोच. बदलले ते आकडे. म्हणून सांगते, आकड्यांवर जीव टाकू नकोस.

‘संत तुकाराम’ला ‘जुना, संथ, ४’. इथे मात्र मी जरा बसून राहिले. १९३६ चा सिनेमा, आपल्या ‘प्रभात’चा, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारातला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तोही राहू दे. आजारी पोराला फरफटत देवळात घेऊन जाणारी, विठोबावर जोडा उगारणारी ती आवली तुला दिसली नाही? की तेव्हा तू फोन बघत होतीस? खरं सांग.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितेय, ते सांगितलंच पाहिजे. तुझ्या आईला माहीत आहे, तुला नाही. मी एका दैनिकात अकरा वर्षं परीक्षणं लिहिली. सुरुवातीला चारशे शब्द आणि खाली नाव. मग मल्टिप्लेक्सं आली, पानं रंगीत झाली आणि वरून फर्मान आलं: तारे द्या, वाचकाला वेळ नाही. मी दिले. शुक्रवारी सकाळचा खेळ, संध्याकाळी पाचपर्यंत मजकूर. एका शुक्रवारी घरी पाहुणे होते. एका नव्या मुलाचा पहिलाच मराठी सिनेमा, नाव सांगत नाही. मध्यंतराला उठले, रिक्षा केली, दीड तारा लिहून दिला. ‘उत्तरार्धात पकड सुटते’ असंही लिहिलं. जो उत्तरार्ध मी पाहिलाच नव्हता!

दुसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरला. माझ्यामुळेच उतरला असं मी म्हणणार नाही. खेळ होते सकाळी अकराचे, पोस्टर कुठे धड लागलं नव्हतं, आणि एका दीड ताऱ्याने सिनेमे पडत असते तर कितीतरी पडायला हवे होते ते पडले नाहीत. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. पण पाच-सहा वर्षांनी एका दुपारी मटार सोलत बसले होते, टीव्हीवर तोच लागला. शेवटची वीस मिनिटं. हातातली शेंग हातातच राहिली.

त्यानंतर मी तारे द्यायचे नाहीत म्हणून हटून बसले. त्यांनी ऐकलं नाही, मी स्तंभ सोडला. तत्त्वासाठी सोडला असं मी सांगते. भांडून सोडला असं तुझी आई सांगते. ती फार चुकीचं सांगत नाही.

पी. के. नायरांना मी लॉ कॉलेज रोडला पाहिलंय. १९६४ मध्ये सुरू झालेलं फिल्म अर्काइव्ह उभं केलं त्यांनी. अंधारात छोट्या टॉर्चच्या उजेडात वहीत टिपणं काढत बसायचे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ जेवढा हाती लागला तेवढा सांभाळला, आणि ज्यांना तू मी दहापैकी दोनही देणार नाही असे सिनेमेही सांभाळले. मला तेव्हा ते टॉर्चचं प्रकरण विक्षिप्त वाटायचं, शिवाय डोळ्यांवर उजेड यायचा. आता वाटतं, त्या सकाळच्या खेळाला माझ्याकडे तसा टॉर्च आणि वही असती तर मी निदान शेवटपर्यंत बसले असते.

तू वही घे. महाग नको, अप्पा बळवंत चौकात मिळते ती साधी दोनशे पानी. सिनेमा संपला की कट्ट्यावर जायच्या आधी, फोन उघडायच्या आधी, डोळ्यांसमोर राहिलेल्या तीन गोष्टी लिही. मत नको. ‘सैराट’ असेल तर ‘शेवट हादरवून टाकणारा’ असं नको. ते सगळे लिहितात. आवाज बंद झालाय आणि लहान पोराच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातायत, एवढंच लिही. मग वाटलं तर खाली आकडा टाक. नाही टाकलास तरी चालेल. पण एकदा टाकलास की कट्ट्यावर कुणी हसलं म्हणून खोडायचा नाही. तुला स्वतःला पुन्हा बघून वेगळं दिसलं तर खुशाल खोड, आणि काय वेगळं दिसलं ते शेजारी लिही. बाकी कुणाच्या सांगण्यावरून नाही, मित्र असू देत, प्राध्यापक असू देत, मी असू दे. हो, मीसुद्धा. आवली तुला आवडली नाही तर नाही. मी दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी फोन करीन.

रविवारी सकाळी ये. आईला सांग, जेवायलाच आहेस. आणि त्याच्या आधी एक काम कर: पुन्हा न बघता, कुणाला न विचारता, त्या कुकरचा रंग कोणता होता ते मला लिहून पाठव.

तुझी,
मावशी